सगळेच कागदी घोडे नसतात

गावातली मुलं-मुली इंजिनीअर होऊन पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला सॉफ्टवेअर कंपनीत लागली, की पहिले दोन-तीन महिने घरोघरी साधारण एकाच प्रकारची तक्रार ऐकू येते. मेसच्या जेवणाबद्दल थोडी असते, पीजीच्या खोलीबद्दल थोडी असते. पण मुख्य तक्रार असते ती लिखापढीची. "मामी, काम दोन तासांचं आणि त्याच्या मागचे सोपस्कार दोन दिवसांचे," असं माझ्या नणंदेची मुलगी म्हणते. शेजारचा मुलगा म्हणतो, "कोडिंगला घेतलंय की कारकुनीला, तेच कळत नाही." आमच्या महिला मंडळात ज्यांची मुलं या क्षेत्रात गेलीत, त्या सगळ्या थोड्याफार फरकानं हेच सांगतात.

आणि आपण आया, माम्या, मावश्या त्यावर काय सांगतो? निम्म्या जणी म्हणतात, "पगार वेळेवर होतोय ना, मग गप्प बस." उरलेल्या निम्म्या म्हणतात, "मग बघ की दुसरीकडे, शिक्षणाचं चीज तरी होईल." मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत. पहिल्यानं मूल डोळे झाकून सह्या करायला शिकतं, दुसऱ्यानं ते जिथे जाईल तिथे तीच तक्रार सोबत नेतं. या लिखापढीतलं काय कामाचं आणि काय बिनकामाचं, हे ओळखायला शिकवणं हा तिसरा रस्ता. कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसलं, तरी तो रस्ता आपण बायका चांगला दाखवू शकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ही लिखापढी असते तरी काय? मी कला शाखेची पदवीधर. पण भाचीला खोदून खोदून विचारलं तेव्हा जे उमजलं ते सांगते. कंपनीत कुठलंही काम "हे जरा करून टाक" असं तोंडी द्यायचं नसतं. कामाची आधी नोंद होते, तिला 'तिकीट' म्हणतात. कुणी मागितलं, काय हवंय, कशासाठी हवंय, किती दिवस लागतील, सगळं त्या तिकिटावर. मग मुलगी कोड लिहिते. तो लिहिला म्हणून लगेच चालू होत नाही. टीममधलं दुसरं कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचतं, शेरे मारतं. हा झाला 'रिव्ह्यू'. शेऱ्यांप्रमाणे दुरुस्ती करायची, पुन्हा दाखवायचं. मग टेस्टिंग. मग बदल प्रत्यक्ष चालू करायची परवानगी, आणि बँकेसारखा ग्राहक असेल तर त्याची वेळही ठरलेली, बहुधा रात्रीची. काही बिघडलंच तर पुन्हा जुन्यावर कसं यायचं, तेही आधीच लिहून ठेवायचं. शिवाय रोजच्या रोज टाइमशीट. कॉलेजात एका रात्रीत प्रोजेक्ट उभा करणाऱ्या पोरीला तीन ओळींच्या बदलासाठी चार दिवस थांबावं लागलं, की ती वैतागणारच!

तिच्या वैतागाचं मूळ मला कॉलेजच्या जर्नलमध्ये दिसतं. आठवा जरा. प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात काय चालतं? एकीचं जर्नल दहा जणी उतरवून काढतात, काचेखाली दिवा लावून आकृत्या छापतात. मुलं त्याला 'जीटी मारणं' म्हणतात. सरांची सही मिळाली की जर्नल माळ्यावर. त्यात काय आहे ते लिहिणारीनं वाचलेलं नसतं आणि बहुतेक वेळा सही करणाऱ्यानंही नाही. कागद असतो तो सहीसाठी, वाचण्यासाठी नाही, हे आपण सोळाव्या वर्षापासून मुलांच्या मनावर बिंबवतो. दाखल्यांच्या रांगेत, झेरॉक्सवरच्या शिक्क्यांत पुन्हा तोच अनुभव. मग कंपनीत समोर आलेला प्रत्येक फॉर्म त्यांना जर्नलच वाटला, तर नवल काय?

फरक असा, की कॉलेजचा प्रोग्रॅम परीक्षकासमोर पाच मिनिटं चालला की त्याचं आयुष्य संपतं. कंपनीचा प्रोग्रॅम दहा-पंधरा वर्षंही चालतो. लिहिणारी मुलगी दोन वर्षांत दुसरीकडे जाते, तिच्या जागी आलेला तिसरीकडे. पाचव्या माणसानं त्यात हात घालायचा, तर "ही ओळ इथे का आहे?" हे सांगायला कागदाशिवाय कुणीच उरलेलं नसतं.

कागद नसला की काय होतं याचे दाखले जगभर आहेत. अमेरिकेच्या 'नासा'नं डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे एक यान पाठवलं, मार्स क्लायमेट ऑर्बिटर. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचल्यावर त्याचा संपर्क तुटला तो कायमचा. कारण काय, तर एका गटाचं सॉफ्टवेअर पौंडाच्या मापात आकडे देत होतं आणि दुसरा गट ते न्यूटनच्या मापातले समजून वापरत होता. आपण मापट्यानं दिलेलं धान्य समोरच्यानं किलोत धरावं, तसंच. कोणतं माप वापरायचं ते कागदावर ठरलेलं होतं. पण ते पाळलंय का, हे कुणी नीट ताडून पाहिलं नाही. त्याहून मला लागलेली गोष्ट पुढे आहे. यान ठरल्या वाटेवरून किंचित सरकतंय, अशी शंका काही जणांना आधीच आली होती. चौकशी अहवाल सांगतो, की अशी शंका रीतसर नोंदवून तड लावायची जी पद्धत होती, ती नीट पाळली गेली नाही. शंका बोलण्यात राहिली, नोंदीत आली नाही, आणि कोट्यवधी डॉलरचं यान गेलं.

दुसरा दाखला रिव्ह्यूचा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीनं नवा प्रोग्रॅम चालू केला. तो आठ सर्व्हरवर चढवायचा होता. माणसानं सातांवर चढवला, एक राहून गेला. त्या एकावर जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला आणि धडाधड चुकीचे सौदे करत सुटला. पाऊण तासात चाळीस कोटी डॉलरहून जास्त रक्कम बुडाली आणि कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली. नंतर तिथल्या सरकारी नियामकानं काय म्हटलं माहितेय? दुसऱ्या कुणी हे काम तपासलं नव्हतं आणि तसं तपासावं असा लेखी नियमही कंपनीत नव्हता. आठ खोल्यांची कुलपं लावली की नाहीत, हे एकदा दुसऱ्यानं फिरून बघावं, एवढंच ते काम!

आता आपल्या अंगणात या. गेली पंधरा-सोळा वर्षं मी बचत गटांचं काम करते. 'नाबार्ड'नं १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला आणि पुढे देशभर लाखो गट उभे राहिले, ते एका पंचसूत्रीवर. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं, चोख हिशेब लिहिणं. बायकांना पहिली चार सूत्रं लगेच पटतात. पाचव्याला मात्र सगळ्या नाकं मुरडतात. "आपण आपल्याच तर आहोत, लिहायचं कशाला?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पाठ झालंय.

एका गटात आम्ही नियम केला, की कोषाध्यक्षबाईंनी पैसे मोजले की शेजारी बसलेल्या बाईनं ते पुन्हा मोजायचे आणि दोघींनी वहीत सही करायची. कोषाध्यक्षबाई रागावल्या. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून दोन बैठकांना आल्याच नाहीत. पुढे सहाएक महिन्यांनी बँकेत भरणा करताना पाचशे रुपये कमी निघाले. गावात कुजबुज सुरू झाली. वही काढली, तर त्या दिवशी रक्कम दोघींनी मोजल्याची नोंद आणि दोन सह्या होत्या. म्हणजे पैसे गटातून पूर्ण निघाले होते. पाचशेची नोट बँकेतल्या मोजणीतच दुसऱ्या गड्डीला चिकटलेली सापडली. त्या दुसऱ्या सहीनं बाईची अब्रू वाचवली. आता नवीन गटात तोच नियम समजावून सांगायला त्याच पुढे होतात.

कोड रिव्ह्यू म्हणजे नेमकं हेच दुसऱ्यांदा मोजणं. नव्या मुलींना मात्र पहिला रिव्ह्यू जिव्हारी लागतो. आयुष्यभर वर्गात पहिली आलेली मुलगी, तिच्या चाळीस ओळींवर सतरा शेरे आले की तिला वाटतं, आपण या कामाच्याच नाही. काही जणी रात्री रडतातही. त्यांना सांगायला हवं, की शेरा कोडवर असतो, तुझ्यावर नाही. आणि तुझ्या टीम लीडच्या कोडवरही असाच शेरा पडतो. पडत नसेल, म्हणजे रिव्ह्यू फक्त नव्यांचाच होत असेल, तर मात्र ती पद्धत नव्हे, ती सासुरवाडी झाली!

मैत्रिणींनो, मुलींच्या बाजूनं बघितलं तर लेखी पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. घरात आपण दिवसभर राबतो, पण कामाची नोंद कुठेच नाही, म्हणून "तू दिवसभर करतेस काय?" हा प्रश्न आपल्याला ऐकावा लागतो. ऑफिसात तिकिटावर मुलीचं नाव असतं, कोडच्या प्रत्येक बदलापुढे तिचं नाव आणि तारीख असते. मीटिंगमध्ये मोठ्या आवाजात बोलणारा कुणी तिच्या कामाचं श्रेय घेऊ लागला, तर नोंद बोलते. गावाकडून गेलेल्या, इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मुलीला चार लोकांत हात वर करून बोलायला जमत नाही. पण रिव्ह्यूमध्ये तिला मुद्दा शांतपणे लिहिता येतो. लिहिलेल्याला उच्चार नसतात, हे तिच्या पथ्यावरच पडतं.

पण इथेच एक खाचही आहे. मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं, टीमच्या नोंदी नीट लावायच्या, वाढदिवसाचा केक मागवायचा, ही कामं "तुझं अक्षर छान आहे" या चालीवर हळूच मुलींकडे सरकतात. त्या नोंदी करत बसतात आणि अवघड कोड मुलांच्या वाट्याला जातो. वर्षाच्या शेवटी पगारवाढ कुणाला मिळते ते सांगायला नको. आपल्या संस्थांच्या कार्यकारिणीत चिटणीस बाई आणि अध्यक्ष पुरुष, हे आपण बघतच आलोय. म्हणून मुलींनी पहिल्याच महिन्यात गोड शब्दांत सांगावं, की इतिवृत्त पाळीपाळीनं लिहूया. काम हलकं नाही, म्हणूनच ते सगळ्यांनी करावं.

आता कुणी म्हणेल, बाई तर सगळ्याच कागदांची आरती ओवाळायला निघाल्या. तसं मुळीच नाही. खरोखरचे कागदी घोडेही कंपन्यांत भरपूर असतात. आपल्याकडे ते वाढले त्यालाही इतिहास आहे. अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेनं सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीला एक ते पाच अशा पायऱ्या लावून दिल्या. १९९० च्या दशकात भारतीय कंपन्यांना परदेशातली कामं मिळवायची होती. हजारो मैलांवरचा ग्राहक तोंडओळखीवर विश्वास कसा ठेवणार? तेव्हा पाचव्या पायरीचं प्रमाणपत्र ही आपल्या कंपन्यांची ओळख बनली. त्यातून शिस्त आली हे खरं, पण जोडीला ऑडिटच्या आदल्या रात्री जुन्या तारखांचे कागद भरायची जर्नलवाली सवयही आली. तिकडे अमेरिकेतही लोक कंटाळलेच होते. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा अनुभवी सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी जाहीर केलं, की कागदपत्रांना मोल आहेच, पण चालणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याहून जास्त. आज जी 'अजाइल' पद्धत मुलांच्या तोंडी असते, ती तिथली. कागद अजिबात नकोत असं त्यांनीही म्हटलं नव्हतं, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

मग घोडा कागदी की खरा, ओळखायचं कसं? मी भाचीला तीन प्रश्न सुचवलेत. हे कोण वाचणार आहे? लिहिलं नाही तर कुणाचं काय अडेल? आणि शेवटचं हे कुणी कधी उघडून पाहिलं होतं? तिन्हीची उत्तरं "माहीत नाही" आली, तर मॅनेजरला नम्रपणे विचारावं. नवं माणूस म्हणून विचारायची सहा महिने मुभा असते, ती वापरून घ्यावी. एखादा निरर्थक तक्ता असाच कुणीतरी विचारल्यावर बंद होतो.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. खोटं लिहायचं नाही. बारा तास काम करून टाइमशीटवर आठच लिही म्हटलं, तर तुझेच चार तास पुसले जातात, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच दिवसांत काम मागितलं जातं. टेस्टिंग न करता 'झालं' अशी खूण करणं तर त्याहून वाईट. यावर इंग्लंडच्या पोस्टाची हकीकत प्रत्येक नव्या इंजिनीअरनं वाचावी. तिथे खेडोपाडी किराणा दुकानातच पोस्ट चालवणारे लोक असतात, त्यांत बायका पुष्कळ. १९९९ पासून त्यांना 'होरायझन' नावाचं, फुजित्सू कंपनीचं सॉफ्टवेअर देण्यात आलं. त्यात दोष होते. हिशेबात नसलेली तूट दिसायची. पोस्टानं सॉफ्टवेअर खरं मानलं आणि माणसं खोटी. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं. त्यांची शिक्षा रद्द झाली ती २०२१ मध्ये. २०१९ मध्ये न्यायालयानं दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो लोकांचे डाग पुसावे लागले.

यात मला हादरवून गेलेली गोष्ट ही, की दोषांच्या नोंदी होत्या! माहीत असलेल्या दोषांची यादी आतल्या लोकांकडे होती. ती या गरिबांसमोर आणि न्यायालयासमोर वेळेवर ठेवली गेली नाही. म्हणजे लिहिणं ही अर्धीच गोष्ट. लिहिलेलं उघडून दाखवायची नियत नसेल, तर कागद असून नसल्यासारखा. उद्या आपली मुलगी रेशनचं, पीक विम्याचं, दवाखान्याचं सॉफ्टवेअर लिहील. तिनं टाळलेल्या एका नोंदीपायी कुठल्या तरी गावातल्या बाईचा अंगठा मशीन घेणार नाही, आणि खिडकीतला माणूस त्या बाईलाच खोटं ठरवेल. तिकीट भरायचा कंटाळा आला, की तिनं त्या बाईचा चेहरा आठवावा.

दुसऱ्यांच्या कागदांबरोबर स्वतःच्या कागदांकडेही मुलींनी लक्ष द्यायला हवं. नेमणूकपत्र पूर्ण वाचून मगच सही. 'बाँड' म्हणजे अमुक वर्षं नोकरी सोडायची नाही असा करार असेल, तर तो घरच्यांना आणि शक्य तर ओळखीच्या वकिलाला दाखवावा. मूळ गुणपत्रिका दाखवायच्या आणि परत आणायच्या, कंपनीत ठेवायच्या नाहीत. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला जपून ठेवायची, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक लिहून घ्यायचा, नोकरी सोडताना कार्यमुक्तीचं पत्र घेतल्याशिवाय निघायचं नाही. आणि एक महत्त्वाचं. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असं २०१३ चा कायदा सांगतो. त्या समितीत कोण आहे ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवावं. तक्रार लेखीच द्यावी लागते आणि तिला मुदत असते. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवायची सवय ज्या मुलीला कामातून लागलेली असते, तिला अशा वेळी तीच सवय उपयोगी पडते.

शेवटी आपल्या भागातल्या कॉलेजांना एक विनंती. मुलांना नोकरीच्या मुलाखतीत कसं बोलावं हे शिकवायला तुम्ही बाहेरून लोक बोलावता. त्यासोबत एवढं करा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एका गटानं अर्धा करायचा आणि तो, सोबतच्या टिपणासह, दुसऱ्या गटाला पुरा करायला द्यायचा. टिपण धड नसेल तर काय हाल होतात, ते एका आठवड्यात कळेल. एकमेकींचा कोड तपासून त्यावर लेखी शेरे द्यायला लावा आणि त्या शेऱ्यांना गुण ठेवा. जर्नलवर सही करण्याआधी त्यातलं एक पान उघडून त्यावरचा एक प्रश्न विचारा. याला वेगळं अनुदान लागत नाही की नवी इमारत लागत नाही. आणि पालक सभेत हे सरांना विचारायचं काम, मैत्रिणींनो, आपलं आहे. विचारलं की त्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात झाली का, तेवढं मात्र बघून या.